दादाचा सा आणि चारशे चाळीस

तबलजीला स्वतःचा सा नसतो. पेटीवाला देईल तो घ्यायचा, हातोडी काढायची, वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे खालीवर ठोकायचे आणि तबला त्याच्याशी मिळवून गप्प बसायचं. मी हेच काम जन्मभर केलं आणि त्याची कधी तक्रार केली नाही, कारण मला सा देणारा माझा सख्खा मोठा भाऊ होता. तक्रारी मी त्याच्या बाकी सगळ्या गोष्टींच्या केल्या. त्याच्या घोरण्याच्या, त्याच्या सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याच्या, मी जेवायला बसलो की नेमकी तेव्हाच पेटी उघडण्याच्या. साच्या बाबतीत मात्र त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती.

आमचं गाव ब्रह्मपुरीच्या बाजूला. घरची थोडी धानाची शेती, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत नाटक. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगावी मंडप पडतात आणि कंपन्या नाटकं घेऊन फिरतात. वादक रंगमंचाच्या पुढ्यात खाली बसतात, तोंड नटांकडे आणि पाठ लोकांकडे. दादा ऑर्गनवर, मी तबल्यावर. ऑर्गन लोक म्हणत, दादा पायपेटी म्हणायचा. भाता पायाने चालवायचा, त्यामुळे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे.

ही पायपेटी आमच्या बाबांनी बंद पडलेल्या एका नाटक कंपनीकडून बैलबंडीत घालून आणली होती. बाबा गावच्या भजन मंडळाचे म्होरके. पेटी बुद्धविहारात ठेवायची त्यांची फार इच्छा, पण ती रोज उचलणार कोण, म्हणून मंडळच आमच्या ओसरीत यायला लागलं. दादा तेव्हा लहान होता. स्टुलावर बसला तर पाय पोचायचे नाहीत. मग तो खाली जमिनीवर बसून भात्याच्या फळ्या हातांनी दाबायचा आणि वर बाबा वाजवायचे. डोकं पेटीच्या लाकडाला टेकलेलं. असं कितीतरी वर्षं. त्या पेटीचा सा त्याच्या डोक्यात तिथूनच शिरला असणार, माझा तरी तसा समज आहे. मी तबल्याकडे वळलो, कारण पेटीखालची जागा दादाने अडवून ठेवली होती.

आमच्या कंपनीत एक रिवाज पडला होता. दुसऱ्या कंपन्यांत तो मी पाहिला नाही. पडदा उघडायच्या आधी नमन होतं. त्या नमनाला दादा पेटीला हात न लावता नुसत्या गळ्याने सा लावायचा. आमच्या घरात देव नाहीत, पण त्या वेळी दादा चपला काढून बसायचा. लांब, सरळ सा. आत रंग लावलेली सगळी मंडळी जागच्या जागी थांबायची. तो सा पुरता भरला की मग तो काळी एकवर, म्हणजे आमच्या साच्या पट्टीवर, बोट ठेवायचा, आणि पेटी त्याच्या आवाजाखाली अशी येऊन बसायची की गळा कुठे संपला आणि पेटी कुठे सुरू झाली ते मला शेजारी बसूनही कळायचं नाही. जुने नट म्हणत, "मास्तरचा सा बसला, आता नाटक पडत नाई." आणि ते हे खरंच मानत.

नवीन पोरं आली की त्याची परीक्षा घ्यायची. जीपमध्ये, चहाच्या टपरीवर, एकदा तर तोंडात भाताचा घास असताना, "मास्तर, सा द्या." तो द्यायचा. कोणीतरी धावत जाऊन पेटीची पट्टी दाबून पाहायचं. फरक कधी निघाला नाही. दादाला त्याची फुशारकी नव्हती. "तो आतच हाये," म्हणायचा, "मी का करतो त्यात?"

आमचा हा सा जगापेक्षा वेगळा आहे, हे मात्र आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. माहीत होण्याचं कारणही नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक गावच्या पेटीचा सा निराळाच असे. पेटी जुनी, तिच्या आतले पितळेचे सूर कोणीतरी कधीतरी घासलेले, आणि गावचे गळे त्या पेटीवर वाढलेले. कुरखेड्याकडचं एक भजन मंडळ स्पर्धेला यायचं, त्यांची पेटी आमच्यापेक्षा चांगलीच चढी. एकाचं झालं की दुसऱ्याचं सुरू व्हायचं, दोघांना एकदम वाजवायला कोणी सांगत नव्हतं. धानोऱ्याकडे जंगलात तर पेटीच नाही. ढोल शेकोटीवर धरून तापवायचा, तो जसा बोलेल तसा बाया गळा लावायच्या. कोणाचं काही अडत नव्हतं.

मग कंपनीत कीबोर्ड आला. मालकाने नागपूरहून एक मॅडम आणल्या, संगीत शिकलेल्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या, कामाला चोख. पहिली तालीम ब्रह्मपुरीबाहेर एका बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात होती. दुपारची वेळ. मॅडमनी काळी एक दाबली, दादाने काळी एक दाबली. दोन माणसं एकाच दारातून एकदम आत शिरताना खांदे आपटावेत, तसं झालं. दादाने हात उचलला. मॅडमनीही उचलला. परत दाबलं, परत तेच.

मॅडमनी मोबाइल काढून पेटीवर ठेवला. त्यात एक काटा होता, पट्टी दाबली की हलायचा. दादाने एकेक पट्टी दाबली आणि काटा दर वेळी मध्यावर यायच्या आधीच थांबला.

"मास्तर, तुमची पेटी खाली आहे," मॅडम म्हणाल्या.

"कोनाच्या खाली?" दादाने विचारलं.

मला हसू आलं, पण प्रश्न खरा होता. मॅडमना तो आवडलाही. त्यांनी सांगितलं की सगळ्या जगाने मिळून एका सुराचा आकडा ठरवलाय, सेकंदाला चारशे चाळीस कंपनं, आणि जगातले सगळे कीबोर्ड, सगळी गाणी त्याच्यावर बांधलेली आहेत. तुमची पेटी त्या हिशोबाने चारशे बत्तीसच्या आसपास दाखवते. काही सूर थोडे वर, काही थोडे खाली, कारण ते कानाने लावलेले आहेत. आधी युरोपातही असंच होतं म्हणे. एका गावच्या चर्चमधला ऑर्गन दुसऱ्या गावच्या ऑर्गनशी जुळायचा नाही. मग रेल्वे आली, वादक या गावाहून त्या गावाला जायला लागले, आणि भांडाभांडी करून शेवटी एक आकडा ठरला.

"आमाले नाई विचारलं कोनी," दादा म्हणाला.

मॅडम हसल्या आणि त्यांनी कीबोर्डवर दोन-तीन बटणं दाबली. कीबोर्ड खाली आला आणि दादाच्या पेटीशी येऊन मिळाला. एवढंच होतं ते. तो हंगाम असा गेला की त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि आता वाटतं, तसा एखादा हंगाम अजून मिळाला असता तरी पुष्कळ झालं असतं.

त्याच उन्हाळ्यात दादाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी एक मेसेज पाठवला. चारशे बत्तीस हा विश्वाचा मूळ सूर आहे, त्याने झाडं वाढतात, पोटाचे विकार जातात, चारशे चाळीस हे माणसाला अस्वस्थ करायचं कारस्थान आहे, वगैरे. खाली हात जोडलेले आणि एक ओमचं चित्र. दादाने तो मेसेज मला वाचून दाखवला, वहिनीला वाचून दाखवला, बँकेतल्या शिपायाला वाचून दाखवला.

"विश्वाचा सूर आपल्या ओसरीत येऊन बसला मंजे," वहिनी म्हणाली, "तरी तुमचा गॅस काऊन जात नाई?"

मीही त्याची खूप टर उडवली. मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या की असले मेसेज फार फिरतात, त्यात काही दम नाही. पेटी खाली आहे ती लावणाऱ्याच्या कानामुळे, विश्वाचा काही संबंध नाही. दादाने ऐकून घेतलं. पण तेवढे महिने तो पेटीवर जरा ताठ बसला, आणि मला ते बरं वाटलं. आपण खाली नाही, वेगळे आहोत, असं माणसाला कधीतरी वाटू द्यावं.

पुढच्या हंगामाआधी मालकाने दोन गोष्टी ठरवल्या. एक, मुंबईची एक मालिकेतली नटी काही प्रयोगांना पाहुणी म्हणून आणायची. बाकी कंपन्या आणत होत्या, आपण नाही आणली तर पोस्टरकडे कोण बघणार. दोन, तिची गाणी पेनड्राइव्हवर येणार, मागचं संगीत सगळं तयार, आणि आम्ही त्याच्यासोबत वाजवायचं. कीबोर्ड खाली आणता येतो, तशी ती गाणी खाली आणता येतील म्हणून मॅडमनी लॅपटॉपवर खटपट करून पाहिली. गाणी खाली आली, पण मागे गाणाऱ्या बाया ताप आल्यासारख्या गायला लागल्या. नटीच्या माणसाने फोनवर सांगितलं की तिने मूळ गाण्यांवर सराव केलाय, त्यात काही हलवू नका.

मालक स्वतः आमच्या घरी आला. वाईट माणूस नाही. दादाला तो कधी एकेरी बोलला नाही. चहा पिऊन झाल्यावर त्याने कप खाली ठेवला.

"मास्तर, पेटी वर आनता येते का?" त्याने विचारलं.

"येते. घासा लागते."

"मंग घासा ना भाऊ. नाई तं ह्या वर्षी पेटी घरीच राहू द्या. तुमी या, पाहू काही."

पेटी घरी आणि तुम्ही या. म्हणजे कशाला या, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दादाने मान हलवली. त्याला आत काय होत होतं, ते मला स्वच्छ दिसत होतं. पेटीशिवाय तो मंडपात जाणार कुठे, बसणार कुठे, आणि त्याने गळ्याने लावलेला सा खाली येऊन बसणार कशावर?

पायपेटीच्या आत पितळेच्या पातळ जिभा असतात, त्यांनाच आम्ही सूर म्हणतो. वारा गेला की त्या थरथरतात. जिभेचं टोक घासलं की ती हलकी होते आणि आवाज चढतो. उतरवायची तर मुळाशी घासायची. दोन्ही बाजूंनी पितळ कमीच होत जातं, वाढत कधी नाही. हे दादाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि वहिनीलाही माहीत होतं.

"अजी, पहा बरं," ती म्हणाली, "घासलेलं वापस येत नाई."

पण दादाने एक युक्ती काढली होती, आणि ती काढल्याचा त्याला इतका आनंद झाला होता की तो धानाची रोवणी अर्धी टाकून घरी आला. आमच्या पेटीत सुरांच्या दोन ओळी होत्या. एकेका ओळीला एकेक खुंटी. खुंटी ओढली की त्या ओळीची झडप उघडते आणि ती ओळ बोलते. खुंटी आत ढकलली की गप्प होते. दादा म्हणाला, एक ओळ घासून चारशे चाळीसवर न्यायची, दुसरी आहे तशी ठेवायची. नमनाला आपली खुंटी, पाहुणीच्या गाण्याला जगाची खुंटी. एका पेटीत दोन सा.

"मालकई खुश, मीई खुश," तो म्हणाला.

मी त्याला सलामच ठोकला. असं डोकं कोणाचं चाललं असतं? मॅडमनाही फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या, मास्तर, करून पाहा, पण झडपा नीट बंद होतात का ते आधी बघा. दादा म्हणाला, होतात. भाता हलका चालवला की होतच होत्या.

सगळा पावसाळा तो घासत बसला. ओसरीत चटई, चटईवर कापड, कापडावर एकेक सूर. सूर बाहेर काढला की वेगळा बोलतो आणि पेटीत बसवला की वेगळा, म्हणून थोडं घासायचं, परत बसवायचं, पट्टी दाबायची, मोबाइलचा काटा पाहायचा, परत काढायचा. काम करताना गुणगुणायची त्याची जुनी सवय होती. ती त्याने बंद केली, कारण गुणगुणायला लागला की गळा जुन्या सावर जायचा आणि कान गोंधळायचा. तो तोंड मिटून काम करायचा. वहिनीला घरातली ती शांतता आवडली नाही. मी तिला म्हणालो, होऊ दे, काम झालं की गाईल.

दिवाळीच्या तोंडावर रंगीत तालीम झाली, त्याच गोदामात, दुपारी. पाहुणी नटी आली होती, साधी, गोड बोलणारी. दादाने चपला काढल्या, जुनी खुंटी ओढली आणि नमनाचा सा लावला. पेटी येऊन त्याला मिळाली. सगळे खूश. मग त्याने ती खुंटी आत ढकलली, दुसरी ओढली, आणि पेनड्राइव्हवरचं गाणं सुरू झालं. जुळलं. मॅडमनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी तबला आधीच चढवून ठेवला होता.

गाण्यात पुढे जोराची जागा होती. तिथे दादाने भाता जोरात चालवला, तसा चालवायलाच लागतो, आणि पेटीतून एक रडका, हेलकावणारा आवाज यायला लागला. वॉंव वॉंव वॉंव. नवीन सुराच्या मागून जुना सूर पाझरत होता. झडपेचं चामडं इतक्या वर्षांत सुकून कडक झालं होतं; जोराचा वारा आला की ती फटीतून त्याला सोडत होती. आजवर ते कोणाला कळलं नव्हतं, कारण आजवर दोन्ही ओळी एकच सा बोलत होत्या.

नटी गाता गाता थांबली. "मास्तर," ती हळू आवाजात म्हणाली, "आत काहीतरी रडतंय का?"

दादाने पेटी उघडली. फटीत कापड कोंबून पाहिलं, सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवून पाहिले. घरी नेऊन झडप काढली, नवं चामडं लावलं. तेव्हा कळलं की झडपेचं लाकूडच वाकलेलं आहे. चामडं कितीही नवं असो, वाकड्या लाकडावर ते बसणार कसं. आमच्या भागात ते लाकूड सरळ करणारा कोणी उरलेला नव्हता. नागपूरला एकाला विचारलं, तो म्हणाला, हे टाकून द्या आणि नवीन घ्या. मालक म्हणाला, "मास्तर, दोन नका ठेवू. एकच ठेवा."

म्हणजे दुसरीही ओळ घासायची. दुसरी ओळ काढून टाकता आली असती, पण एका ओळीची पेटी अर्ध्या आवाजाची; गोदामात भागलं तरी मंडपात ती कोणाला ऐकू आली नसती. त्यात वेळ नव्हता. पहिल्या प्रयोगाला थोडेच दिवस उरले होते. तो एका बैठकीत किती घासावं याचं भान न ठेवता घासत सुटला. मी समोर बसून एकेक सूर त्याच्या हातात देत होतो. मधेच तो थांबला, एक सूर तसाच हातात धरून बसला. काळी एकचा होता. मी म्हटलं, "दादा, हा राहू दे." तो म्हणाला, "एकट्यानं राहून का करन थो?" आणि घासला. मी पाणी प्यायला म्हणून उठलो.

पहिला प्रयोग कुरखेड्याच्या पुढे होता. दुपारी मंडप उभा राहत होता तेव्हा दादा पेटी लावून बसला आणि त्याने नमनाचा सा करून पाहिला. डोळे मिटून, नेहमीसारखा. मग बोट ठेवलं. पेटी वर, तो खाली. जरासाच फरक, एका पट्टीचा तिसरा हिस्साही नसेल, पण मधली फट मला माझ्या जागेवरून दिसावी इतकी स्पष्ट होती. त्याने परत सा लावला. परत तोच. त्याचा सा जिथे होता तिथेच होता, हलली होती ती पेटी.

मग त्याने रिवाज उलटा केला. आधी पेटीवर सा घ्यायचा, मग गळा लावायचा. तेवढ्यापुरतं जमायचं. पण लांब सा धरला की गळा हळूहळू खाली सरकायचा, आपल्या घरी निघालेल्या बैलासारखा, आणि दादाला स्वतःलाच ते ऐकू यायचं. मग तो ओढून वर आणायचा. त्या ओढण्याने आवाजात कंप यायला लागला. जुने नट एकमेकांकडे पाहायचे. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, "मास्तरची तब्येत बरी हाये ना बे?" मी म्हटलं, बरी आहे.

गळ्याचं एक वेळ सोडा, पुढे हात चुकायला लागले. आयुष्यात कधी पट्ट्यांकडे न पाहिलेला माणूस वाकून पट्ट्या पाहायला लागला. त्याचं म्हणणं असं की बोट काळी एकवर असतं आणि कान सांगतो की ही काळी एक नाही. "मंग मी कुठी हाये, ते समजत नाई," तो म्हणाला. "आपल्याच गावात रस्ता चुकल्यावानी वाट्टे." मी त्याला समजावलं की सवय होईल, महिनाभरात कान बसेल. मॅडमनी त्याला रोज दुपारी सोबत घेऊन सराव करून घेतला. त्यांनी खूप केलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. रागाला कोणीतरी समोर लागतं. मालकावर काढावा तर तो घरचा वाटतो, नटीवर काढावा तर ती बिचारी चार दिवसांची, आणि चारशे चाळीस ठरवणारे कोण, कुठले, मेले कधीचे. शेवटी मी तो राग घरी येऊन म्हशीवर काढायचो.

झालं मात्र काय, की दादाचा कान नव्या सावर बसला नाहीच, आणि जुन्यावरूनही हळूहळू उठला. हे मला उशिरा कळलं. हंगामाच्या मध्यावर एका पोराने जीपमध्ये सहज म्हटलं, "मास्तर, सा द्या." दादाने दिला. तो जुनाही नव्हता आणि नवाही नव्हता. थोड्या वेळाने त्याने आपणहून परत दिला, तो आणखी तिसराच. पोरगं खिडकीबाहेर पाहत बसलं.

संक्रांतीनंतर मालकाने दादाला घरी विश्रांती घ्यायला सांगितलं. नमन आता पेनड्राइव्हवर लागतं, त्यात तानपुऱ्याचा आवाज भरलेला आहे, चांगला स्वच्छ. नाटकं पडली नाहीत. एकही पडलं नाही. मी कंपनीत राहिलो, कारण घरात दोघांनी बसून चालण्यासारखं नव्हतं. माझा तबला आता कीबोर्डला मिळवतो. मॅडम बटण दाबतात, मी ठोकतो, पटकन मिळतो. काम सोपं झालंय, हे मला मान्य करायला लागतं.

होळी झाल्यावर मी घरी आलो. दादा शेताच्या बांधावर मोहाच्या झाडाखाली फुलं वेचत होता. वाळलेला दिसला, पण आजारी नव्हता. घरी पेटी ओसरीत होती, झाकलेली. वहिनी म्हणाली, उघडत नाही. गात नाही, गुणगुणत नाही. विहारात वंदनेला जातो तेव्हा ओठ हलवतो, आवाज काढत नाही. बाकी सगळं करतो. जेवतो, झोपतो, घोरतो.

मला वाटलं, कुठूनतरी त्याचा सा त्याला परत ऐकवता आला तर. पेटी तर संपली होती, तिच्या जिभा आता आणखी घासून उतरवण्यासारख्या उरल्या नव्हत्या. मग एके दुपारी मला आठवलं की मागच्या हंगामात लोक मोबाइलवर नाटकं उतरवून घेत होते. विचारत विचारत धानोऱ्याच्या एका दुकानदाराकडे मला त्याचं नमन सापडलं. मॅडमचा पहिला हंगाम, पेटीला अजून काही झालेलं नव्हतं. आवाज थोडा फाटलेला होता, मधे कोणाचं तरी पोर रडत होतं, पण सा संपूर्ण होता. गळा, मग बोट, मग पेटी, आणि दोघांत तसूभर फट नाही. मी ते बसमध्ये कानाला लावून ऐकत घरी आलो, मला रडू आलं आणि शेजारच्या बाईने मला खिडकीजवळ जागा दिली.

दादा ओसरीत मोहफुलं पसरत होता. मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने हात पुसून घेतला आणि तो सगळा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. एकदा पाहून झाल्यावर परत लावायला सांगितला. मी परत लावला. या वेळी त्याने डोळे मिटले होते. मी त्याच्या ओठांकडे पाहत होतो, आता हलतील, आता तो धरील.

व्हिडिओ संपला. त्याने डोळे उघडले.

"बरा गाऊन राह्यलो मी," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "कोनती पट्टी होय थे?"

"काळी एक," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, फोन मला परत दिला, आणि उरलेली फुलं पसरायला लागला.